डोळ्याला डोंगर, फोटोत भिंत: लेआउटच्या पडद्याचं नेहमीचं दुखणं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मॉडेल रेल्वे, म्हणजे छोट्या प्रमाणातली चालती रेल्वे, करणारे आपण मोजकेच आहोत. एकमेकांच्या घरी जाऊन लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनसकट मांडलेला देखावा, बघणं सणासुदीलाच जमतं, बाकी वर्षभर फोटोंवर भागवायचं. आणि फोटो आले की तीच तक्रार नव्याने सुरू होते. इंजिन झकास, रूळ झकास, स्टेशनची कौलं तर खरीच वाटतात, पण मागच्या पडद्यावर डोंगर दिसायच्या जागी रंगवलेली भिंत दिसते. घरात उभं राहून बघताना मात्र ती भिंत कुणाला जाणवतही नाही.

असं कुणी म्हटलं की बहुतेक जण ब्रश उचलतात. आकाश पुन्हा रंगवतात, ढग वाढवतात, डोंगर गडद करतात. नवा फोटो काढला की तक्रार तशीच, कधी कधी आधीपेक्षा जास्त. खानापूरकडच्या एका मित्राने दूधसागरचा पडदा असाच दरवर्षी नव्याने रंगवला. त्याचा पहिला पडदाच सगळ्यात चांगला होता आणि त्यात रंगाचा दोष नव्हताच. म्हणून माझं मत ठाम आहे: ब्रशला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी दिवा तपासा, मग कॅमेऱ्याची उंची बघा, आणि दोन्ही ठीक असूनही दोष उरला तरच रंगाकडे वळा.

पडदाच नको, असं म्हणून मात्र आपल्या भागात चालत नाही. दूधसागर ३१० मीटर उंच आहे. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात तो करायचा म्हटला तर साडेतीन मीटरच्या वर जातो, जवळजवळ बारा फूट. घराचं छत फोडावं लागेल. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, तो याच प्रमाणात ६० सेंटिमीटरमध्ये बसतो. जागा असेल तर प्लास्टरमध्ये उठावाचा करता येतो. पण कॅसलरॉक ते कुळे हा घाट ज्याला करायचा आहे, त्याला १:३७ चा चढ बोर्डवर, म्हणजे लेआउटच्या लाकडी पायावर, बसवावा लागतो आणि सह्याद्री पडद्यावर रंगवावाच लागतो.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

ढगाळ दिवशी सकाळी खोलीतले सगळे दिवे बंद करा, खिडक्या उघडा, फ्लॅश बंद ठेवा आणि फोन स्टँडवर लावून एक फोटो घ्या. मग खिडक्या झाकून नेहमीचे दिवे लावून, फोन जागचा न हलवता दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. ढगाळ उजेडात पडदा शांत, दूरचा वाटला आणि दिव्यात भिंत झाला, तर रंगाला हात लावू नका. दोष दिव्याचा आहे. दोन्हीत भिंतच दिसत असेल तर कॅमेऱ्याची उंची किंवा रंग, यांपैकी एकाचं काम आहे.

हे एवढं सोपं असूनही कुणी करत नाही, कारण आपला डोळा फार समजूतदार आहे. ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात आणि बल्बच्या पिवळट उजेडात पांढरा कागद आपल्याला पांढराच दिसतो. आकाशावर पडलेली सावली आपण बघूनही बघत नाही. कॅमेरा असली सूट देत नाही; जे आहे ते टिपतो, वर स्वतःच्या हिशेबाने थोडं बिघडवतो.

आकाशावर सावली

सगळ्यात जास्त फोटो या एका कारणाने मार खातात. मघाशी सांगितलेल्या मित्राकडे टेबललॅम्प फोटो काढणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर, मागून लावलेला असायचा. होम सिग्नलच्या खांबाची सावली सरळ दूधसागरच्या पांढऱ्या धारेवर उभी. धारेवर काळी रेघ आणि रेघेच्या टोकाला सिग्नलचा हात. एवढं दिसल्यावर बघणाऱ्याच्या मनात धबधबा राहत नाही.

यामागचा हिशेब समजून घेतला की जन्मभर पुरतो. दिवा जितका खाली, तितकी सावली मागे लांब आणि वर जाते. दिवा वर नेला की सावली खाली घसरते. उजेड ४५ अंशांतून येत असेल तर वस्तूची सावली तिच्या उंचीइतकीच मागे पडते. म्हणजे चार इंचांचं स्टेशन पडद्यापासून चार इंच किंवा त्याहून पुढे असेल, तर त्याची सावली जमिनीवरच संपते, पडद्यावर चढतच नाही. सहा इंचांचा सिग्नल असेल तर सहा इंच सोडा. तेवढी जागा नसेल तर दिवा आणखी वर न्या, ६० अंशांवर नेलात तर साडेतीन इंचांत भागतं. मित्राने तोच लॅम्प छताच्या हुकाला टांगला, थोडा पुढे झुकवला, आणि खांबाची सावली धबधब्यावरून उतरून खालच्या झुडपांत गेली. रंगाचा एक थेंब खर्च झाला नाही.

शक्य असेल त्याने पडद्याला वेगळा दिवा द्यावा. वरच्या कडेला आडवी एलईडी पट्टी, पुढे लाकडी पट्टी लावून झाकलेली, फक्त आकाशावर उजेड टाकणारी. पुढच्या दिव्यामुळे काही पुसट सावल्या पडल्याच, तर या उजेडात त्या विरून जातात. पट्टी पडद्याला अगदी चिकटून नको. चिकटली की वर उजेडाचे गोळे आणि खाली अंधार होतो. हातभर पुढे ठेवली तर उजेड एकसारखा पसरतो.

आणखी एक युक्ती रात्रीसाठी. फोन स्टँडवर, प्रो मोडमध्ये (जिथे सगळं हाताने ठरवता येतं) शटर आठ-दहा सेकंदांवर, आयएसओ सगळ्यात कमी, खोलीत पूर्ण अंधार. शटर उघडलं की हातातला टॉर्च पांढऱ्या कापडातून लेआउटवर सावकाश फिरवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही. दिवा फिरता असल्याने सावलीला कडाच राहत नाही. ही पद्धत मला फार आवडते, कारण तिला खर्च शून्य आहे आणि निकाल स्टुडिओसारखा येतो.

आकाश राखाडी, माती नारिंगी

खोलीत ट्यूबलाइट ६५०० केल्विनची (उजेड पिवळट की निळसर ते सांगणारं हे माप), टेबललॅम्पमध्ये ३००० केल्विनचा पिवळा बल्ब आणि खिडकीतून दिवसाचा उजेड, असा तिन्हींचा काला केला तर फोनमध्ये कुठलंच सेटिंग लागू पडत नाही. एक बाजू बरोबर केली की दुसरी बिघडते. एकाच प्रकारचे दिवे ठेवा, बाकीचे बंद करा. दिवा घेताना वॅट बघतो तसं खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, किती लिहिलाय तेही बघा. साधारण एलईडीचा ८० असतो, ९० च्या वरचा मिळाला तर आपली तांबडी माती आणि कौलं खऱ्या रंगाची दिसतात.

दुसरी गोष्ट फोनच्या आत घडते. चौकटीत अर्ध्याहून जास्त निळं आकाश आलं की ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंगांचा तोल आपोआप साधणाऱ्या सोयीला, वाटतं फोटो निळा पडलाय, आणि तो पिवळा रंग वाढवतो. निळं आकाश राखाडी होतं, खानापूरची माती नारिंगी होते. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स दिव्याच्या केल्विनइतका ठेवून तिथेच बांधून टाका. काही फोनमध्ये सीन ओळखून रंग भडक करणारी सोय असते; तिला आकाश ओळखता येतं आणि ती ते आणखी निळं करते, कडांना डाग पाडते. लेआउटच्या फोटोला ती बंदच हवी.

फोटोत आडवे काळे-पांढरे पट्टे येत असतील तर तो एलईडीचा लुकलुकाट आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. १/६० किंवा १/१२५ वर येतात. एलईडी पट्टीला डिमर लावला असेल तर हा उपाय चालत नाही. मग डिमर पूर्ण उघडा आणि उजेड जास्त वाटला तर दिवा लांब न्या.

क्षितिज कुठे रंगवलंय?

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हा दोष भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही आणि पडदा पुन्हा रंगवूनही तो पुन्हा येतो.

क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर दिसतं. वैजनाथच्या डोंगरावर उभे राहा, क्षितिज तुमच्याबरोबर वर येतं. शेताच्या बांधावर बसा, ते खाली येतं. आता लेआउटचा बोर्ड साडेतीन फुटांवर आहे आणि तुम्ही उभे आहात, म्हणजे तुमचा डोळा बोर्डच्या दीड फूट वर. एचओच्या प्रमाणात ही उंची जवळजवळ ४० मीटर होते. एवढ्या उंचीवरून बघून, तुम्हाला बरं दिसेल असं क्षितिज तुम्ही पडद्यावर रंगवलं, समजा बोर्डपासून २० सेंटिमीटर वर. तेही १७ मीटर झालं, पाचमजली इमारतीची गच्ची. मग फोटो काढायला फोन खाली, रुळांशेजारी नेला. आता बघणारा प्लॅटफॉर्मवर उभा आहे आणि जमीन मात्र त्याच्या डोक्यावरून वर चढत गेलेली. तो काय दोष आहे हे सांगू शकत नाही, पण त्याला भिंत जाणवते.

खानापूर, लोंढा, गुंजी, तिनईघाट हा भाग करणाऱ्याचं नशीब बरं, कारण तिथे झाडी आणि डोंगर क्षितिज झाकून टाकतात. खरी परीक्षा पूर्वेकडची. गोकाकच्या पलीकडे, अथणीकडे, रामदुर्गाकडे काळी सपाट रानं पसरलेली, क्षितिज उघडं. तसला देखावा रंगवलात तर क्षितिज बोर्डपासून चार-पाच सेंटिमीटरवर ठेवा. उभ्याने बघताना ते फार खाली वाटेल, वाटू द्या. आणि तेही उसाचा फड, बाभळी, विजेचे खांब यांनी मधून मधून तोडा.

पडदा आधीच रंगवून झाला असेल तर खोडू नका. क्षितिजाच्या रेषेवर पांढऱ्यात जरासा निळा मिसळून धुकं ओढा, रेषा विरघळू द्या. रेषाच राहिली नाही तर तिची उंची कोण मोजणार? तेवढ्याने भागलं नाही तर फोन वर न्या आणि उड्डाणपुलावरून बघतो तसा फोटो घ्या. कपिलेश्वरच्या पुलावरून खाली गाडी बघायला आपण थांबतोच की. ती नजरही खरीच आहे.

फोन खाली नेऊन माणसाच्या नजरेचा फोटो घ्यायचा असेल तर फोन उलटा धरा. लेन्स फोनच्या वरच्या कोपऱ्यात असते, उलटा केला की ती बोर्डला टेकते. उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरवर धरला तर १:८७ मध्ये तो १७ मिलिमीटर येतो, आणि उलट्या फोनची लेन्स साधारण तेवढ्याच उंचीवर येते. एन म्हणजे १:१६० वाल्यांना एवढं खाली जाता येत नाही. त्यांनी बोर्डच्या कडेबाहेर फोन खाली धरून बघावा.

पडद्याची चकाकी

दिवा वर गेला, क्षितिज जमलं, तरी आकाशात एक पांढरा डाग राहतो आणि फोन हलवला की डागही हलतो. ही चकाकी आहे. पडदा ऑइलपेंटने रंगवला असेल तर ती येणारच. दुकानात फक्त ‘आकाशी द्या’ म्हटलं तर अनेकदा ऑइलपेंटच हातात पडतो. मॅट इमल्शन मागा. पांढरं मॅट इमल्शन आणि निळ्या स्टेनरची बाटली, एवढ्यात अख्खं आकाश होतं. जुना चकाकणारा पडदा वाचवायचा असेल तर बारीक पॉलिश पेपर हलका मारून, पुसून, वर पाण्यासारखं पातळ मॅट वार्निश स्पंजाने द्या. कोपऱ्यात लावून, वाळवून, फोटो काढून बघा, मगच सगळीकडे फिरवा.

नाटकाचे रंगवलेले पडदे ज्यांनी बघितलेत त्यांना हे सांगावं लागत नाही. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे, १८४३ चा जन्म. नाटकाच्या त्या काळात पडदे रंगवायला कोरडी रंगपूड सरसात कालवत. तो रंग वाळला की अगदी निस्तेज, धुळीसारखा दिसतो. दिव्यांच्या झोतात असा पडदा चमकत नाही. आपल्याला अगदी तेच हवंय. सरसाचा रंग आपल्या पावसाळ्यात बुरशी धरतो म्हणून मी इमल्शन सुचवतो, पण डोळ्यासमोर ठेवायचा तो त्या पडद्यांचा निस्तेजपणा. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र घेऊ नये. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतून दिसावं म्हणून तिथला रंग ठसठशीत, कडा पक्क्या. लेआउटमध्ये तेच केलं की पडदा पुढे येतो.

फ्लेक्सवर छापून घेतलेले पडदे हल्ली फार दिसतात. स्वस्त, तासात हातात. पण फ्लेक्स चमकतो, त्याला घडीच्या रेघा राहतात आणि फोन जवळ नेला की छपाईचे ठिपके दिसतात. छापूनच घ्यायचं असेल तर सनबोर्डवर मॅट व्हिनाइल लावून द्यायला सांगा आणि फाइल मोठी द्या. नेटवरून उतरवलेला छोटा फोटो सहा फूट ताणला की डोंगराच्या पायऱ्या होतात.

रंग खरंच चुकलाय का?

इथवर सगळं तपासलंत आणि तरी भिंतच दिसते, तर आता ब्रश. पण आधी फोटो फोनमध्येच ब्लॅक अँड व्हाइट करा. गाडीतला सगळ्यात काळा भाग आणि पडद्यातला सगळ्यात काळा भाग बघा. डोंगर इंजिनाइतकाच काळा असेल तर तो इंजिनाशेजारीच उभा वाटणार. खऱ्या हवेत लांबचा डोंगर कधी काळा नसतो, मध्ये हवा असते. येळ्ळूरचा राजहंसगड बेळगावातून बघा. झाडी हिरवी असली तरी गड निळसर करडा दिसतो, आणि चैत्रातल्या धुरकट हवेत तर आकाशापासून जेमतेम वेगळा.

म्हणून डोंगराच्या तीन ओळी रंगवा, प्रत्येक मागच्या ओळीत आकाशाचाच रंग अधिक मिसळत जा. ट्यूबमधला हिरवा तसाच लावू नका, त्यात जरासा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा आणि मग पांढरा. आकाश वरून खाली येताना फिकं होत जायला हवं, डोंगरामागे जवळपास पांढरं. पावसाळ्यातला घाट करत असाल तर निळा विसरा. करडा आणि पांढरा, डोंगरांची डोकी ढगात. असा पडदा फोटोत सगळ्यात सहज खपतो, कारण त्यात चुकायला कडाच नसतात.

रंगवलेली सावली आणि दिवा यांचं भांडण नको. डोंगरांची डावी बाजू उजळ रंगवली असेल तर दिवाही डावीकडूनच यायला हवा.

बोर्डवरची माती आणि पडद्यातली माती जिथे भेटतात ती जागा सगळ्यात नाजूक. रुळामागे सहा इंचच असतील, म्हणजे प्रमाणात १३ मीटर, आणि तिथून पुढे लगेच डोंगर सुरू. ही शिवण झाकायला एक देशी उपाय आहे. बोर्डवर जी तांबडी माती पसरली तीच वस्त्रगाळ करा, चिमूट चिमूट मॅट इमल्शनमध्ये कालवा आणि पडद्याचा तळ त्याच रंगाने रंगवा. दुकानातला कुठलाही तांबडा एवढा जुळत नाही. पुढे झुडपांची एक विरळ रांग लावली की शिवण सापडत नाही. माती चाळल्यावर तिच्यावरून लोहचुंबक नक्की फिरवा. आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर आहे, त्यातले चुंबकाला चिकटणारे कण इंजिनाच्या मोटरमध्ये शिरले की इंजिन अडखळायला लागतं.

दर पावसाळ्यात उघडणारा सांधा

जूनमध्ये पडदा गुळगुळीत, ऑगस्टमध्ये आकाशाच्या मधोमध, प्लायवुडचे दोन तुकडे जोडलेल्या सांध्यावर, उभी फुगलेली रेघ, एप्रिलमध्ये त्याच जागी चीर. पुट्टी भरा, रंगवा, पुढच्या वर्षी पुन्हा. खानापूर तालुक्यातल्या पावसात प्लायवुड आणि एमडीएफ फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार. पुट्टी कितीही चांगली असली तरी लाकडाचं हे चलनवलन ती धरून ठेवू शकत नाही. पुट्टी बदलून उपयोग नाही, सांधाच नको.

मांजरपाट घ्या, अख्खा एका लांबीचा. आधी धुवा, कारण कोरं मांजरपाट आटतं. पातळ इमल्शनचे दोन हात द्या, वर लाकडी पट्टीला ठोका, खाली नाटकाच्या पडद्यासारखी दांडी शिवून टाका, म्हणजे वजनाने ताठ राहतो. लाकूड मागे फुगलं-आक्रसलं तरी कापडाला काही होत नाही. कोपऱ्याचा प्रश्नही यातच सुटतो. काटकोनात दोन भिंतींवर वेगवेगळा उजेड पडतो आणि फोटोत कोपरा रेघेसारखा उठून दिसतो. कापड निदान फूटभर गोलाईत फिरवलं की तो राहत नाही. पावसाळ्यात पडदा भिंतीला टेकवू नका, मागे हवा खेळू द्या.

इंजिन पुसट, पडदा स्पष्ट

फोनने भलतीकडेच फोकस केला, एवढंच. इंजिनाच्या नंबरवर बोट ठेवून फोकस बांधा. पडदा जरासा पुसट राहिला तर उत्तमच, ब्रशचे फटके दिसत नाहीत. अख्खी गाडी स्पष्ट हवी असेल तर फोन मागे घ्या आणि नंतर फोटो कापा. फार जवळ गेलं की दोन डब्यांपुढचं सगळं पुसटतं. पोर्ट्रेट मोड वापरू नका, तो सिग्नलच्या तारा आणि झाडांची टोकं खातो. कॅमेरा असेल तर लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) एफ ११ ते एफ १६ ठेवा, त्यापुढे उलट सगळंच मऊ पडतं.

पाठवताना होणारा घात

घरी नितळ असलेलं आकाश समोरच्याच्या फोनवर पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, आणि हलक्या उतरत्या रंगाचं आकाश त्या दाबण्यात सगळ्यात आधी फाटतं. पाठवताना एचडी निवडा, किंवा सरळ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फोटो जसाच्या तसा जातो. एडिटिंगमध्ये आकाशाला किंचित ग्रेन दिला तरी पट्टे कमी होतात. पडद्यावर स्पंजाने हलकी रवाळ पोत आणली असेल तर तोच उपयोग होतो.

डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यात एक धोका आहे. फोटोबरोबर तो कुठे काढला ते ठिकाणही जातं, म्हणजे तुमच्या घराचा पत्ता. लेआउटवर हजारोंचा माल असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, आणि जुने फोटो पाठवण्याआधी त्यांतलं ठिकाण काढून टाका.

एवढं करूनही अडलं तर जरूर विचारा. फक्त चांगला आलेला एक फोटो पाठवून ‘काय चुकलं?’ विचारलंत तर सांगणं अवघड जातं. न कापलेला मूळ फोटो, ढगाळ उजेडातला तोच फोटो, आणि दोन पावलं मागे येऊन काढलेला एक, ज्यात दिवा कुठे टांगलाय, पडदा किती मागे आहे आणि बोर्डची कड हे सगळं दिसेल, असे तिन्ही पाठवा. सोबत क्षितिज बोर्डपासून किती सेंटिमीटरवर रंगवलंय ते लिहा.